टी-शर्ट मागवणारा एक, घालणारा दुसरा

प्रश्न थोडक्यात असा: एक मित्र चांगलं डिझाइन करतो, दुसऱ्याला विक्री जमते, थोडं भांडवल हाताशी आहे. ऑर्डरप्रमाणे टी-शर्ट छापून द्यायचा धंदा काढायचा, तर यंत्र कुठलं घ्यावं? आणि जोडीला शंका अशी, की कपड्यांवरून माणूस कळतो वगैरे जे म्हणतात त्यात काही तथ्य आहे, की ती विकणाऱ्यांची भाषा? दोन्ही एकत्र विचारलंत ते बरं केलंत. दुसऱ्याचं उत्तर नीट लागल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही. म्हणून यंत्राकडे शेवटी येतो.

मी छपाईत बरीच वर्षं काढली. या धंद्याची एक गोष्ट बाहेरून दिसत नाही: इथे पैसे देणारा एक असतो आणि अंगावर घालणारा दुसरा. कंपनीचा एचआर विभाग, स्पर्धेचे संयोजक, वर्गाचा प्रतिनिधी, ट्रेकच्या ग्रुपमधला तो एक उत्साही सभासद, हे सगळे मागवणारे. त्यांना खूश केलं की बिल वसूल होतं. पण कार्यक्रम उरकल्यावर तो टी-शर्ट दुसऱ्यांदा अंगावर चढतो का, यावर तुमचा धंदा टिकणार की नाही ते ठरतं. चढला, तर रस्त्यात कुणीतरी विचारतं, 'कुठून करून घेतलास?' नाही चढला, तर त्याची रवानगी फरशी पुसायच्या कपड्यांत, आणि तुमच्या कामाची जाहिरात तिथेच संपते.

धावण्याच्या स्पर्धेचं उदाहरण घ्या. संयोजक येतात ते पुढच्या बाजूला स्पर्धेचं नाव आणि पाठीवर सगळ्या प्रायोजकांची बोधचिन्हं घेऊन. प्रत्येकाने पैसे दिलेत, त्यामुळे प्रत्येकाला आपलं चिन्ह मोठं हवं. कुणाचंच म्हणणं चुकीचं नसतं, पण सगळी एकत्र आली की पाठीचा जाहिरातफलक होतो. आता घालणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला काय मिरवायचंय? आपण २१ किलोमीटर पळालो हे. त्या चिन्हांशी त्याला काही देणंघेणं नाही. अशा वेळी आम्ही अंतर आणि साल छातीवर ठळक घेतो आणि सगळी चिन्हं एकाच रंगात, एकाच उंचीची, पाठीवर खालच्या बाजूला एका ओळीत बसवतो. प्रायोजक कुरकुरतात. त्यांना एकच विचारायचं: चिन्ह एक दिवस मोठं दिसावं, की वर्षभर लहान दिसावं? बहुतेक जण इथे ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचंही काम करावं, पण त्यातून पुढे आणखी कामं येतील अशी आशा धरू नये.

न्यूयॉर्कच्या त्या जगप्रसिद्ध टी-शर्टकडे या नजरेने पाहा. १९७७ च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी मिल्टन ग्लेझर या डिझायनरने ते चिन्ह काढलं: 'आय', लाल बदाम आणि शहराची दोन अक्षरं. मुळात ही चक्क सरकारी जाहिरात. तरी लोक ती स्वतःच्या पैशाने विकत घेऊन अंगावर घालतात, कारण वाक्य घालणाऱ्याच्या तोंडी आहे. 'आमच्याकडे या' असं सरकार म्हणत नाही, 'मला हे शहर आवडतं' असं घालणारा म्हणतो. तुमच्या मित्राने काढलेलं प्रत्येक डिझाइन या एका चाळणीतून काढा: हे वाक्य कोण बोलतंय? उत्तर 'कंपनी' किंवा 'आयोजक' असं आलं, तर ते डिझाइन अजून कच्चं आहे.

टी-शर्ट बोलायला लागला त्याला तसा फार काळ लोटलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलात तो गणवेशाच्या आत घालायचा कपडा होता. जुलै १९४२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या तोफा-बंदुका चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला सैनिक झळकला. १९४८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत टॉमस ड्यूईच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. ड्यूई हरला, पण प्रचाराची ही तऱ्हा टिकली. पुढे प्लास्टिसोल ही उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची शाई आणि एकामागून एक रंग चढवणारी फिरती छपाई यंत्रं आली आणि हा प्रकार कुणालाही परवडू लागला. अंतर्वस्त्राचा दर्जा असलेला कपडा असल्यामुळेच त्याच्यावर काही लिहायला कुणाला संकोच वाटला नाही, असं आपलं माझं मत. रेशमी सदऱ्यावर कुणी घोषणा छापत नाही.

आता तुमच्या शंकेकडे. कपडा बोलतो का? बोलतो, पण आपल्याला वाटतं तितके लोक ऐकत नाहीत. यावर २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात टी-शर्टच होता. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो अंगावर वागवायची लाज वाटावी, म्हणून मुद्दाम निवडलेला. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं: किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता, प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम पाव लोकांनी. लाज वाटणार नाही अशा चित्रांचे टी-शर्ट दिले तेव्हा तर ही तफावत आणखी वाढली. थोडक्यात, टी-शर्ट सगळ्यात मोठ्याने बोलतो तो घालणाऱ्याशीच.

मात्र घालणाऱ्यावरचा परिणामही फुगवून सांगू नये. २०१२ मध्ये डॉक्टरचा कोट म्हणून दिलेला पांढरा कोट घातल्यावर लक्ष अधिक एकाग्र होतं, असा एक प्रयोग गाजला होता. २०१९ मध्ये तोच प्रयोग जास्त लोकांवर करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. 'आमचा टी-शर्ट घाला, टीमचं काम सुधारेल' असली वाक्यं माहितीपत्रकात टाकायचा मोह झाला, तर हे लक्षात असू द्या.

माणसाला कपड्यातून दोन परस्परविरोधी गोष्टी साधायच्या असतात: चारचौघांसारखं दिसायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेलने फॅशनबद्दल लिहिताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडून ठेवलं आहे. खेळाची जर्सी हा पेच किती सहज सोडवते बघा: पुढे संघाचं नाव, मागे आपलं नाव आणि नंबर. ग्रुपच्या टी-शर्टमध्ये नुसती पाठीवरची नावं वाढवली, तरी तो पुन्हा घातला जाण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव. उलट, एक चूक हमखास होते, ती म्हणजे ग्रुपचा फोटो छातीवर छापणं. मागवताना सगळे हसतात, टाळ्या देतात. नंतर स्वतःचाच चेहरा छातीवर घेऊन कुणी बाहेर पडत नाही. त्यापेक्षा त्या ट्रेकवर सतरा वेळा ऐकलेलं वाक्य घ्या, 'आता शेवटचाच चढ'. ग्रुपमधल्यांना तो टोमणा कळतो. बाहेरचा विचारतो, 'हे काय?' आणि घालणाऱ्याला किस्सा सांगायची संधी मिळते. लोक हौसेने विकत घेतात ती ही संधी.

मजकुराइतकंच बोलतं ते माप. नवीन लोक इथे सगळ्यात जास्त मार खातात. साइझचा फॉर्म फिरवला, की लोक आपण आहोत त्या मापापेक्षा आपल्याला जे व्हायचंय ते माप लिहितात. एका उत्पादकाचा एल दुसऱ्याच्या एमएवढा असतो, ते वेगळंच. म्हणून फॉर्मवर नुसती अक्षरं नकोत, सेंटिमीटर हवेत: तुमच्या अंगाला नीट बसणारा एखादा टी-शर्ट टेबलावर पसरा, एका काखेखालून दुसऱ्या काखेखालपर्यंत टेप लावा, येईल तो आकडा लिहा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक मापाचा एकेक कोरा नग घेऊन जायचं आणि लोकांना अंगावर घालून बघू द्यायचं. याला साइझ सेट म्हणतात, आणि तुमच्या भांडवलातला हा सगळ्यात शहाणा खर्च.

आणखी एक. 'युनिसेक्स' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पुरुषांच्याच बेताचं असतं: खांद्यात रुंद, कमरेत सरळ. ऑर्डरमध्ये बायका असतील, तर त्यांच्या कापाचे नग वेगळे विचारा. तसंच, डबल एक्सएलच्या पुढची मापं 'उपलब्ध नाहीत' असं लिहिलेला फॉर्म ज्याच्या हातात पडतो, त्याला आपण या टोळीत धरलेलो नाही हे टी-शर्ट छापायच्या आधीच कळतं. मोठ्या मापाला कापड जास्त लागतं हे खरं. पण जादा पैसे त्या एकट्याकडून घेऊ नका. सगळ्या ऑर्डरवर वाटून एकच दर लावा. फरक मामुली पडतो आणि तो माणूस तुम्हाला विसरत नाही.

कापडाबद्दल लोक पहिला प्रश्न जीएसएमचा विचारतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० ते १५० पातळ, १८० च्या आसपास रोजच्या वापराचं, २२० च्या पुढे जाड आणि सैलसर कापाला शोभणारं. पण वजन म्हणजे दर्जा नव्हे. भरड सुताचं २०० जीएसएम कापड चार धुण्यांत गोळे धरतं, आणि कॉम्ब्ड सुताचं १६० वर्षभर अंगाला गुळगुळीत लागतं. कॉम्ब्ड सुतात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग सपाट राहतो आणि छपाईची कड स्वच्छ येते. नवा पुरवठादार आला की त्याच्या कापडावर धुवून न जाणाऱ्या पेनाने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. लांबीला २४ च्या खाली गेला, तर तो माल आकसणार. त्याच धुण्यात बाजूची शिवण पोटाकडे वळून येते का तेही पाहा. टी-शर्टच्या विणलेल्या कापडाच्या (यालाही जर्सीच म्हणतात) सुताला असलेल्या पिळामुळे हे होतं आणि इस्त्रीने ते सरळ होत नाही.

छपाईच्या पद्धतींत स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई कापडावर दाबणं, अजूनही मुख्य. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून मेहनत तयारीत आणि नग वाढले की दर उतरतो. पाच नगांना ती परवडत नाही, पाचशेंना तिच्यासारखी दुसरी नाही. काळ्या कापडावर भडक रंग हवा असेल तर आधी पांढरा थर, तो फ्लॅश नावाच्या हीटरखाली जरा सुकवायचा, मग वरचा रंग. डीटीजी म्हणजे कापडावर थेट इंकजेट: सुतावर उत्तम, एकदोन नगांनाही चालतं, मात्र गडद रंगाला आधी रसायनाचा हात मारावा लागतो. सब्लिमेशनमध्ये शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या तंतूतच शिरते. हाताला छपाई लागतसुद्धा नाही. पण कापड पॉलिएस्टर आणि फिकट रंगाचं हवं, सुतावर ते टिकत नाही. नावं आणि नंबरांसाठी विनाइल कापून चिकटवतात.

सध्या सगळे डीटीएफच्या मागे आहेत. फिल्मवर छापायचं, त्यावर चिकट पावडर, मग हीट प्रेसने, म्हणजे तापलेल्या दाबयंत्राने, कापडावर दाबायचं. कुठल्याही कापडावर, कुठल्याही रंगात, नगांची अट नाही. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण छातीभर भरीव चौकोन डीटीएफने छापलेला टी-शर्ट उन्हात घालून बघा: त्या चौकोनाखालून हवा जात नाही, घाम तिथेच साचतो. मागवणाऱ्याला कॉम्प्युटरवरचं डिझाइन आवडलेलं असतं, सोसतो घालणारा. डीटीएफ करायचंच असेल तर डिझाइनमध्ये मोकळ्या जागा सोडा, भरीव पट्टे फोडा, अक्षरांच्या मागची पार्श्वभूमी काढून टाका.

सगळ्या तक्रारींची आई म्हणजे कच्चं राहिलेलं क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने शाई पक्की करणं. प्लास्टिसोल शाई पूर्ण पक्की व्हायला तिचा थर तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचावा लागतो. ड्रायरच्या काट्यावर दिसतं ते ड्रायरचं तापमान, शाईचं नव्हे. थंड, दमट दिवशी कापडच ओलसर असतं आणि ती आर्द्रता उडण्यात बरीच उष्णता जाते. छापलेला नग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून छपाई आडवी ताणा. सोडल्यावर शाई परत जुळली तर ठीक. बारीक भेगा पडून त्यातून कापडाचा रंग डोकावला, तर त्या सगळ्या गठ्ठ्याची छपाई धुण्यात उडणार. गठ्ठ्यातून मधूनमधून एक नग काढून हे करायचं, पहिल्या नगावर समाधान मानायचं नाही. लाल पॉलिएस्टरवर पांढरं छापायचं असेल तर दुसरा धोका: उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो आणि पांढरं हळूहळू गुलाबी होतं. कधी कधी माल दिल्यानंतर काही दिवसांनी. त्यासाठी कापडाचा रंग चढू न देणारी लो-ब्लीड शाई आणि बेताचं तापमान लागतं.

जागा ठरवतानाही कोण बोलतंय ते बदलतं. डाव्या छातीवर ८ ते १० सेंटिमीटरचं चिन्ह आलं की संस्था बोलते, छातीभर मजकूर आला की माणूस बोलतो. १९८४ मध्ये कॅथरीन हॅम्नेट ही डिझायनर ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरना भेटायला गेली तेव्हा तिच्या टी-शर्टवर अमेरिकेच्या पर्शिंग या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांविरुद्धची घोषणा होती. छायाचित्रात वाचता यावी इतक्या मोठ्या, काळ्या अक्षरांत. ती घोषणा होती म्हणून तसं चाललं. ऑफिसच्या टी-शर्टवर तेवढ्या अक्षरांत 'टीमवर्क' लिहिलं की घालणारा कानकोंडा होतो. नवशिके छपाई फार खाली घेतात. मॉकअपवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नमुना-चित्रात, ती मध्यभागी छान दिसते आणि अंगावर पोटावर येते. पुढच्या बाजूला गळ्याच्या पट्टीपासून साधारण चार बोटं खाली सुरुवात करा. आणि लहान मापावर जे डिझाइन छाती भरून टाकतं ते मोठ्या मापावर शिक्क्याएवढं दिसतं, तेव्हा नग पुरेसे असतील तर दोन आकारांच्या स्क्रीन करा.

व्यवहाराचं भराभर सांगतो. कोऱ्या मालाची किंमत निघेल एवढा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कापड उचलू नका, नाव छापलेला टी-शर्ट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. नावांची यादी मागवणाऱ्याकडून लेखी घ्या, त्याच्याकडूनच तपासून घ्या आणि तुम्ही स्वतः काहीही टाइप करू नका, आहे तशी चिकटवा. तारीख कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीची धरा; कार्यक्रम पुढे जात नाही आणि एक दिवस उशिरा आलेल्या टी-शर्टला किंमत नाही. सिनेमातली पात्रं, क्लबची आणि ब्रँडची चिन्हं 'आमच्यापुरतंच आहे' म्हणून घेऊन येतील, त्यांना नाही म्हणा. हक्क दुसऱ्याचे आहेत आणि छापणारे तुम्ही आहात. नगांबद्दल मागवणारा जरा वाढवूनच सांगतो. तिथे 'जास्त घ्या, स्वस्त पडेल' म्हणायचा मोह आवरा, कपाटात उरलेला गठ्ठा तो रोज बघणार आहे.

स्वतःचा ब्रँड काढायचा विचार मित्राच्या डोक्यात असणारच. काढा, पण साठा मोजून. एकच काप, पाच मापं, आठ रंग म्हटले तरी चाळीस कप्पे भरायचे, त्यात एम आणि एल आधी संपतात आणि कडेची मापं पडून राहतात. काळा आणि पांढरा, एवढ्यावर सुरुवात पुरे. ऑर्डर आल्यावर एकेक नग छापून परस्पर ग्राहकाला पाठवणाऱ्या सेवा आहेत. त्यात नफा कमी आणि दर्जा तुमच्या हातात नाही, पण कुठलं डिझाइन चालतं ते साठा न करता कळतं.

आता यंत्र. सुरुवातीला एकच घ्या: चांगला, सगळीकडे सारखा दाब आणि सारखी उष्णता देणारा हीट प्रेस. नावं, नंबर, बाहेरून छापून आणलेल्या डीटीएफ फिल्म, सॅम्पल एवढी कामं त्यावर होतात. स्क्रीनची कामं बाहेरच्या छपाईवाल्याला द्या आणि जमेल तेव्हा तो टी-शर्ट पसरून छापतो त्या फळीशेजारी उभे राहा. कुठली शाई कशी वागते ते तिथे कळेल. डीटीजी किंवा डीटीएफचा स्वतःचा प्रिंटर रोज काम नसेल तर घेऊ नका, पांढरी शाई पडून राहिली की शाई सोडणारं हेड चोंदतं आणि दुरुस्ती महाग पडते. स्वतःची स्क्रीनची मांडणी तेव्हा करा, जेव्हा जुनी गिऱ्हाइकं परत यायला लागतील आणि तुमचा माल छपाईवाल्याच्या रांगेत महिन्यातून बऱ्याचदा अडकेल. तोवर ते पैसे साइझ सेट, सॅम्पल आणि धुण्याच्या चाचण्यांवर घाला.